कृतिशिक्षणाचे सोंग

एखादी गोष्ट आमच्या लोकांस पटली नाही म्हणजे ते तिला विरोध करतात, असा जो समज आहे तो आमच्या मते सर्वस्वी खोटा आहे. न पटलेल्या गोष्टीचा निकाल लावण्याची आमची रीत याहून फार सोयीची आहे. आम्ही तिच्यापुढे मान डोलावतो, तिचा समारंभ करतो, वेळापत्रकात तिच्यासाठी एक तास राखून ठेवतो, आणि तिचा जीव हळूच काढून घेऊन कलेवर तेवढे भिंतीवर टांगतो. मुलांनी हाताने करून शिकावे या तत्त्वाची गत आमच्या शाळांतून, आणि शाळांहूनही अधिक आमच्या सुशिक्षित घरांतून, अशीच झाली आहे. आज या तत्त्वाचा उघड विरोधक शोधूनही सापडावयाचा नाही. बालकांच्या शिक्षणहक्काचा जो कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, त्याच्या २९ व्या कलमात कृतीतून व शोधातून शिकविण्याची आज्ञाच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अनुभवातून शिकण्याचा पुरस्कार केला आहे. असे असता आमची मुले हाताने करून काय शिकत आहेत, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे खरे उत्तर देण्यास आम्हांस संकोच वाटतो. तथापि ते उत्तर देणे प्राप्त आहे, आणि त्यात आमचाही अपराध असल्यामुळे ते आम्हीच दिलेले बरे.

दोन वर्षांमागील जानेवारी महिन्यातील हकीकत आहे. आमचे वास्तव्य जालना शहरात, मस्तगडापासून हाकेच्या अंतरावर. आसफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ साली शहराच्या पूर्वेस जो कोट बांधविला, त्याचा बालेकिल्ला तो हा मस्तगड, असे जुनी गॅझेटियरे सांगतात. आज ते नाव तेथील वस्तीलाही लागले आहे. आमच्या शेजारी राहणाऱ्या एका स्नेह्यांची कन्या तेव्हा इयत्ता सातवीत होती. शाळेने तिला एक 'उपक्रम' दिला होता. उन्हात काठी उभी करून तिच्या सावलीची लांबी वेळोवेळी मोजावी, आणि सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते लिहावे, असा तो उपक्रम. मुलीने तो मनावर घेतला. रविवारी गच्चीवर जाऊन तिने एक मीटर उंचीची काठी मातीच्या कुंडीत रोवली, दोऱ्याला दगड बांधून केलेल्या ओळंब्याने ती सरळ उभी असल्याची खात्री करून घेतली, आणि दर पाव तासाने खडूची खूण करून सावली मोजली. तिच्या वहीतील आकडे आम्हांस आजही पाठ आहेत. बारा वाजता ८७ सेंटिमीटर, सव्वाबारा वाजता ८५, साडेबारा वाजता ८४, पाऊण वाजता ८४, एक वाजता ८५ आणि सव्वा वाजता ८७.

हे आकडे घेऊन ती जिना उतरून थेट आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, सावली बाराला सगळ्यांत लहान होतच नाही. साडेबारा आणि पाऊण यांच्या मध्ये होते. आणि गंमत म्हणजे दोन्हीकडचे आकडे सारखेच येतात." तीस वर्षे अध्यापन करून जे समाधान क्वचित लाभते ते त्या शेवटल्या वाक्याने आम्हांस लाभले. दोन्ही बाजूंचे आकडे सारखे येतात, म्हणजे मध्यान्हाच्या अलीकडे व पलीकडे सूर्य सारख्याच उंचीवर असतो, ही गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. ती तिने स्वतः पाहिली होती.

आठ दिवसांनी वही तपासून आली. मुलीच्या उत्तरावर तांबडी फुली होती आणि बाजूस लिहिले होते, 'दुपारी १२ वाजता'. मुलगी रडवेली झाली. तिचे वडील, स्वतः उत्तम शिकलेले गृहस्थ, वही घेऊन आमच्याकडे आले व म्हणाले, "सर, आता तुम्हीच सांगा हिला, पेपरात काय लिहायचे ते." आम्ही मुलीला बारा वाजता सावली आखूड का होत नाही ते नीट समजावून दिले, तिची पाठ थोपटली, आणि शेवटी म्हणालो, "पेपरापुरते बारा लिही, बाळ. खरे काय ते तुला ठाऊक आहेच." हे वाक्य उच्चारताना आपण मोठे व्यवहारचतुर आहोत असे आम्हांस वाटले. त्याचा अर्थ आम्हांस फेब्रुवारीत कळला. बी उगवण्याचा उपक्रम शाळेने दिला होता. मुलीच्या वहीत आठ दिवसांच्या नोंदी सुबक अक्षरांत भरलेल्या होत्या, आणि त्यांस पैकीच्या पैकी गुण पडले होते. आम्ही विचारले, "बी कुठे पेरले होतेस?" ती सहज म्हणाली, "पेरले नाही काका. पुस्तकात दिले आहे ना, किती दिवसांनी काय होते ते."

वाचकहो, ही मुलगी लबाड नव्हे. जानेवारीत तिने खरे मोजले व फुली मिळविली, फेब्रुवारीत न मोजता लिहिले व पूर्ण गुण मिळविले. या दोन महिन्यांत ती जे शिकली ते तिला शाळेने, तिच्या वडिलांनी आणि आम्ही अशा तिघांनी मिळून शिकविले. उपक्रम दोन्ही वेळा झाला. वहीत दोन्ही वेळा नोंद झाली. पहिल्या वेळी शिक्षण झाले आणि त्याबद्दल शिक्षा झाली. दुसऱ्या वेळी त्याचे सोंग झाले आणि त्यास बक्षीस मिळाले. कृतिशिक्षणाची आमच्याकडे झालेली दशा इतकी उघडी आम्ही दुसरीकडे कोठे पाहिली नाही.

आता खरे कोण होते याचाही निकाल येथे लावून टाकू. आमची घड्याळे १९०६ पासून ज्या हिंदी प्रमाणवेळेने चालतात, ती ८२॥ अंश पूर्व रेखांशाची वेळ आहे. हे रेखावृत्त उत्तरेत मिर्झापुराजवळून जाते. जालना सुमारे ७५.९ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश वळण्यास चार मिनिटे लागतात, म्हणून सरासरीने आमचा मध्यान्ह घड्याळातील बारानंतर सव्वीस मिनिटांनी होतो. त्यात आणखी, पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ असल्यामुळे व तिचा आस कललेला असल्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाशी इमान राखीत नाही. जानेवारीच्या विसाव्या तारखेच्या सुमारास तो अकरा मिनिटे मागे असतो. सव्वीस आणि अकरा मिळून सदतीस. म्हणजे त्या दिवशी मस्तगडावर मध्यान्ह झाला तो बारा वाजून सदतीस मिनिटांनी, मुलीने सांगितला तेथेच. नोव्हेंबरच्या आरंभी तो बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास येतो, फेब्रुवारीच्या मध्यास बारा चाळीसपर्यंत लांबतो. घड्याळात बाराचा ठोका पडताना जालन्यात सूर्य मध्यान्हावर आहे असा वर्षात एकही दिवस नाही. तो अगदी डोक्यावर येतो, काठीची सावली पायाशीच नाहीशी होते, ते तर वर्षातून दोनच दिवस, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात व जुलैच्या चौथ्या आठवड्यात. त्यांपैकी पहिला दिवस उन्हाळ्याच्या सुटीत येतो आणि दुसरा बहुधा ढगांत. 'दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या निर्वेध चालत राहिले याचे हे एक कारण असेल. परंतु मुख्य कारण हे की, ते खरे आहे की नाही हे पाहण्यास कोणी काठी रोविली नाही, आणि जिने रोविली तिला फुली मिळाली.

हे सर्व पाश्चात्त्यांचे खूळ आहे असे म्हणणाऱ्यांनी जरा आपल्या घरात पाहावे. काठीला आमच्या जुन्या ज्योतिषात शंकू हे स्वतंत्र नाव आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीतील लीलावतीत सावलीच्या गणिताचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्या भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, स्थापिलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावानजीक पाटण येथे आहे, म्हणजे आमच्यापासून फार दूर नाही. इतकेच नव्हे, तर प्राचीन ज्योतिषी ज्या रेखेपासून देशांतर मोजीत ती उज्जयिनीची रेखा जालन्याच्या जवळजवळ अंगावरून जाते. उज्जयिनीचा मध्यान्ह आणि आमचा मध्यान्ह यांत जेमतेम अर्ध्या मिनिटाचा फरक पडतो. ज्या भूमीवर उभे राहून आमचे पूर्वज आकाश मोजीत होते, तेथील मुलीने एक काठी मोजून खरे उत्तर आणले तर आम्ही तिला पुस्तक दाखवितो. पूर्वजांचा अभिमान मिरविण्यात आम्ही कोणास हार जात नाही. त्यांच्यासारखे उन्हात उभे राहण्याचा प्रसंग आला म्हणजे मात्र आम्हांस सावली आठवते.

आता घरांकडे वळू. 'प्रकल्प' या नावाखाली आमच्या घरांतून जे चालते त्याचे वर्णन करण्यास फार शब्द नकोत, कारण ते प्रत्येक वाचकाने पाहिलेले आहे. प्रकल्प देण्याच्या आदल्या रात्री वडील स्टेशनरीच्या दुकानात जातात. तेथे ज्वालामुखी, सूर्यमाला, पवनचक्की वगैरे सर्व तयार मिळते. आई रंगीत कागद चिकटविते, थोरला भाऊ संगणकावरून माहिती छापून काढतो, आणि ज्याचा प्रकल्प आहे तो मुलगा या वेळी झोपलेला असतो. सकाळी त्याच्या हाती ती वस्तू देऊन छायाचित्र घेतले जाते व ते व्हॉट्सअ‍ॅपवरील वर्गाच्या समूहात पाठविले जाते. शाळेस अहवालासाठी छायाचित्र हवे होते, ते मिळाले. पालकांस कौतुक हवे होते, तेही मिळाले. मुलास काय मिळाले? आपले काम दुसऱ्याने करून देणे व ते आपण केले असे सांगणे यांत वावगे काही नाही, हा धडा त्यास मिळाला. तो मात्र खरोखर कृतीतून मिळाला, आणि म्हणून जन्मभर टिकेल.

ही आपत्ती नवीन नाही. चांगल्या कल्पनेचे सोंग करण्यात आमचा हात पूर्वीपासूनच बसलेला आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उद्योगाच्या द्वारे शिक्षणाची योजना मांडली व डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. तीत टकळी ही सुतासाठी होतीच, परंतु त्याहून अधिक ती गणित, भूगोल व समाजज्ञान यांचे दार म्हणून होती. कापूस कोठून आला, एका गुंडीस किती तार लागले, कातणाऱ्यास काय मिळाले, असे प्रश्न त्या दाराने आत यावयाचे होते. पुढे कित्येक शाळांतून टकळी राहिली आणि प्रश्न गेले. सूत निघाले, रजिस्टरात नोंदले गेले, आणि योजना निर्वेध मेली. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. त्या कार्यानुभवाचा तास आमच्यापैकी बहुतेकांनी शाळेत अनुभविला आहे, आणि त्यात कार्य किती व अनुभव किती होता हे सांगण्याची गरज नाही.

उलट, जेथे सोंग झाले नाही अशी उदाहरणेही आमच्याच आसपास आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले व अनुताई वाघ यांनी ते पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर जन्मभर चालविले. माँटेसोरीबाईंची महागडी साधने आदिवासी पाड्यांवर आणणे शक्य नव्हते. या बायांनी शिंपले, बिया, खडे व पाने हीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी हात टेकले नाहीत. अंगणात शाळा नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही नेली. मध्यप्रदेशात तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांतून विज्ञान प्रयोगांनी शिकविण्यास सुरुवात झाली. हा कार्यक्रम पुढे शेकडो शाळांत पसरला. त्यात मुलांनी स्वतः केलेल्या प्रयोगाचे स्वतः मिळविलेले उत्तर वहीत लिहावयाचे असे, आणि परीक्षेत पुस्तक उघडून बसण्यास मुभा असे. तेथे काम केलेले श्री. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमिती उभी केली, आणि २००३ पासून २०१४ पर्यंत पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञानकेंद्रात बसून टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी मुलांच्या हाती दिली. २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. होशंगाबादचा कार्यक्रम मात्र सरकारने २००२ साली बंद केला होता. माणसाचा सत्कार करावयाचा व त्याने जेथे काम केले ते काम बंद पाडावयाचे, यात आम्हांस काही विसंगत वाटत नाही, कारण सत्कारास पैसा पुरतो आणि कामास धीर लागतो.

आता आक्षेपांचा परामर्श घेऊ. पहिला आक्षेप असा की, यासाठी पैसा व साहित्य कोठून आणावे? काठी, दोरा, दगड व खडू यांची किंमत करण्यास आम्ही आक्षेपकांसच बोलावितो. खरी गोष्ट अशी की, पैसा सोंगालाच लागतो. तयार ज्वालामुखी दुकानातून आणावा लागतो. सावली विकत आणावी लागत नाही. सातवीचे मूल मस्तगडाच्या तटापाशी न्यावे आणि मीटरच्या काठीची सावली बरोबर एक मीटर होईल तो क्षण धरावयास सांगावे. त्या क्षणी तटाच्या सावलीची लांबी हीच तटाची उंची. परंतु तेथे गेल्यावर मुलाच्या ध्यानात येईल की, बुरुजाची भिंत वर निमुळती होत गेली आहे, सावली शेजारच्या घराच्या ओट्यावर चढून मोडली आहे, आणि उंची मोजावयाची ती नेमकी कोठल्या बिंदूखालून हेच ठरत नाही. पुस्तकातील झाड नेहमी सरळ उभे असते व त्याची सावली नेहमी सपाट जमिनीवर पडते. जगातील भिंती इतक्या सोशिक नसतात. या अडचणीपाशी जो मुलगा डोके खाजवीत उभा राहिला तो त्या दिवशी भूमिती शिकला, मग त्याचे उत्तर हात-दीड हाताने चुकले तरी बेहत्तर.

दुसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम पुरा व्हावयाचा, परीक्षा डोक्यावर, यात काठ्या रोवीत कोण बसणार? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारीत नाही. शिक्षकापुढे वह्यांचा ढीग असतो. लहान गावात एकच शिक्षक दोन-दोन वर्ग सांभाळतो. जनगणना व निवडणुका यांची कामे तर शिक्षणहक्काच्या कायद्यानेच त्याच्या गळ्यात राहू दिली आहेत. ज्या शिक्षकाने आमच्या शेजारच्या मुलीला फुली दिली, त्याच्यावर आम्ही या लेखात शस्त्र उचललेले नाही, ते याच कारणाने. ढिगातील प्रत्येक वहीत 'बारा' होते आणि एकीत नव्हते. थकलेल्या माणसाने एकीवर फुली मारली. त्यास थांबून विचार करावयास लावणे हे कोणाचे काम होते? आमच्या स्नेह्यांचे व आमचे. शाळेत जाऊन दोन शब्द विनयाने सांगितले असते, तर कदाचित त्यासही दुसऱ्या दिवशी काठी रोवून पाहावीशी वाटली असती. आम्ही गेलो नाही. गुण दोन होते. दोन गुणांसाठी कोण वाद घालतो, असे आम्हांस वाटले. मुलीचे मात्र त्या दोन गुणांत बरेच काही गेले.

शिवाय वेळेचा हिशेब तरी नीट करावा. शेकडेवारी हा विषय आमच्या शाळांतून नफातोट्याच्या उदाहरणांवर आठवडेच्या आठवडे घोटला जातो, आणि तरीही महाविद्यालयात आलेल्या मुलांस शेकडा म्हणजे काय हे आम्हांस पुन्हा सांगावे लागते. जालना हे बियाण्यांचे शहर. श्री. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापिली व १९९८ साली त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. येथील शेतकरी पेरणीपूर्वी काय करतो? गोणपाटाच्या ओल्या तुकड्यावर सोयाबीनचे शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडतो, वर दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करतो, आठवडाभर ती ओलसर ठेवतो, आणि उघडून कोंब मोजतो. सत्तर किंवा अधिक निघाले तर बियाणे चालेल. कमी निघाले तर एकरी अधिक पेरावे लागेल, किंवा ते बियाणेच टाकावे लागेल. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही अशा माणसाच्या ओसरीवर ही शेकडेवारी दरवर्षी घडते. वर्गातील मुलांनी तीन गुंडाळ्या करून पाहाव्यात. एकीत त्र्याहत्तर, दुसरीत अडुसष्ट, तिसरीत एकाहत्तर असे काही तरी निघेल. मग तिन्हींत फरक का पडला, खरी संख्या कोणती मानावी, शंभरऐवजी दहाच दाणे घेतले असते तर काय झाले असते, असे प्रश्न आपोआप उभे राहतील. रोजची पाच-पाच मिनिटे मिळून एक तास जाईल आणि शेकडेवारी जन्माची बसेल. आमच्या शेजारच्या मुलीने हाच प्रयोग न करता वहीत भरला होता, हे आठवले म्हणजे आम्हांस स्वतःचीच लाज वाटते.

तिसरा आक्षेप आमच्या वर्गातील सर्वांत आवडता. आम्ही पाठांतर करूनच मोठे झालो, आमचे काय बिघडले? पाठांतराचे आम्ही वैरी नव्हे. पावकी-निमकी तोंडपाठ असलेल्या म्हाताऱ्याचा बाजारातील हिशेब आम्ही पाहिला आहे, आणि पाठ केलेले काव्य उतारवयात कशी सोबत करते हेही जाणतो. आमच्या आजोबांच्या पिढीस निजामी राज्यात उच्च शिक्षण उर्दूतून घ्यावे लागले. जे आपल्या बोलीत नाही ते पाठ केल्यावाचून त्यांस गती नव्हती. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य गेले. छापील शब्दापुढे हात जोडण्याची त्या काळची गरज आमच्यात सवय होऊन राहिली आहे. आमचे काय बिघडले, असे विचारणाऱ्यांस आमचे उत्तर हेच की, सातवीतील मुलीच्या डोळ्यांनी पाहिलेले खरे आणि वहीतील तांबडी फुली यांत निवड करण्याची वेळ आली, तेव्हा तीस वर्षे अध्यापन केलेला प्राध्यापक फुलीच्या बाजूस उभा राहिला. एवढे बिघडले.

यावर कोणी म्हणेल की, मग सरकारने नवी योजना काढावी, शिक्षकांस प्रशिक्षण द्यावे, निधी द्यावा. तेही सर्व व्हावे. परंतु वर्धा, कोठारी आणि कायदा या तिन्हींच्या अनुभवावरून आम्ही सांगतो की, योजना कितीही उत्तम असली तरी जोवर पालकांस भरलेली वही हवी आहे तोवर शाळा त्यांस भरलेलीच वही देईल. शाळा ही गावाच्या मागणीप्रमाणे चालते. मुलाने आठवडाभरात एकच प्रयोग केला, तोही फसला, आणि तो का फसला याच्या चार ओळी वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिल्या, अशी वही पाहून ज्या दिवशी आम्ही पालक संतोष मानू, त्या दिवशी शिक्षकास छायाचित्रे काढण्यातून सुटका मिळेल आणि शिकविण्यास अवकाश होईल. याची कसोटीही फार सोपी आहे. मुलाच्या वहीतील उत्तर पुस्तकातील उत्तराहून निराळे आले असता आपण प्रथम काय विचारतो? 'पुस्तकात काय आहे?' हे विचारतो, की 'तू काय पाहिलेस?' हे विचारतो? पहिला प्रश्न विचारणाऱ्या घरात कितीही पवनचक्क्या आणल्या तरी तेथे वारा शिरणार नाही.

आमच्यापुरते आम्ही प्रायश्चित्त घेतले आहे. गेल्या वर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, शाळांस सुटी असताना, आम्ही त्या मुलीस व गल्लीतील आणखी चार-पाच मुलांस गच्चीवर बोलाविले. तीच काठी, तीच कुंडी, तोच ओळंबा. आम्ही आधी काही सांगितले नाही. बारा वाजता काठीच्या पायाशी सावलीचा लहानसा तुकडा होता. मुले तो मोजू लागली. तो तोकडा होत गेला, आणि साडेबाराच्या थोडे अलीकडे एका मुलाने ओरडून सांगितले की, सावली हरवली. सर्व मुले काठीभोवती वाकून पाहू लागली. ती मुलगी मात्र वाकली नाही. घड्याळात पाहून तिने वेळ लिहून घेतली व आमच्याकडे वळून म्हणाली, "काका, आता परीक्षेत काय लिहायचे?"

"जे पाहिलेस ते," आम्ही म्हणालो.

"मग गुण?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते एकट्या प्राध्यापकाने द्यावयाचे नाही, आणि एकट्या शिक्षकानेही नाही. ज्यांच्या घरी हे मासिक जाते, ज्यांची मुले शाळेत आहेत, आणि पालकसभेत ज्यांचा शब्द शाळा ऐकते, त्या सर्वांनी मिळून ते द्यावयाचे आहे. ते जोवर दिले जात नाही, तोवर कृतिशिक्षणाविषयी व्याख्याने देण्याचा अधिकार आम्हां कोणासच नाही.